बटण बंद केल्यानंतर

नवीन उपक्रम सुरू झाला की त्याची बातमी आपण या अंकात आवर्जून देतो. फोटो छापतो, उद्घाटनाला कोण आले होते ते लिहितो. बंद पडलेल्या उपक्रमांबद्दल मात्र वार्षिक अहवालात एक ओळही नसते. ते गुपचूप बंद पडतात आणि पुढच्या अंकात दुसऱ्याच कशाचा तरी फोटो येतो. या तीन महिन्यांत निमगाव सावा परिसरातील आपले एक काम आम्ही बंद केले. ते का बंद केले, कसे केले आणि करायला उशीर का झाला, हे यावेळच्या संपादकीयात सांगायचे आहे. त्यात आमची चूक आहे. ती आधी कबूल केल्याशिवाय पुढे काही सुचवण्याचा अधिकार आम्हाला नाही असे वाटते.

काम असे होते. एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणाऱ्या चार विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मोबाईलवरचे एक ॲप तयार केले. अडचणीत सापडलेल्या माणसाने त्यातले लाल बटण दाबायचे. बिबट्या, सर्पदंश, अपघात, बाळंतपण, घरातली मारहाण अशी पाच चित्रे समोर यायची, त्यातले एक निवडायचे. मग जवळ असणाऱ्या स्वयंसेवकांच्या फोनवर घंटा वाजायची आणि नकाशावर ठिकाण दिसायचे. ज्याला जाता येईल त्याने 'मी निघालो' असे कळवायचे. कल्पना चांगली होती. मुले मन लावून काम करणारी होती. वस्त्यांवर फिरून बायकांशी बोलावे म्हणून ती आमच्याकडे आली आणि आम्ही त्यांना हाताला धरून घरोघर नेले.

आम्ही का नेले, तेही सांगायला हवे. जुन्नरच्या पूर्व भागात ज्या मैत्रिणी राहतात त्यांना भीती समजावून सांगावी लागत नाही. कुकडीचे पाणी आले आणि ऊस वाढला. गावठाण सोडून माणसे मळ्यात राहायला गेली. दोन घरांमध्ये पाच-सहा एकर ऊस उभा असतो आणि त्याच उसात बिबट्याची मादी पिल्ले घालते. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतील २३३ गावे २०२४ मध्ये प्रशासनाने संभाव्य बिबट आपत्ती प्रवण क्षेत्र म्हणून जाहीर केली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत दोन मुले आणि एक वृद्धा अशा तिघांचा जीव गेला आणि लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. शेतीची लाईट रात्री असेल तर दारे धरायला रात्रीच जावे लागते. पहाटे परसाकडे जाणारी, अंधारात गोठ्यात शिरणारी, उसाच्या बांधाने मुलाला शाळेत सोडायला जाणारी बाईच असते. तेव्हा कोणी येऊन 'तुमच्या हातात एक बटण देतो' म्हणाले, तर नको कोण म्हणेल?

शिवाय आमचा एक स्वार्थ होता. गेली कित्येक वर्षे घरातल्या मारहाणीचा विषय काढला की गावात शांतता पसरते. बिबट्याच्या बाबतीत मात्र सगळे गाव बोलते. बिबट्याच्या बटणाशेजारी मारहाणीचे बटण आले, तर हाही जीवावरचाच प्रसंग आहे हे न बोलता मान्य होईल, असा आमचा हिशेब होता. तो सगळाच चुकला असे मी म्हणणार नाही. ती पाच चित्रे एका रांगेत पाहून एका सासूबाईंनी "हे पण त्यातच घातलं का?" असे विचारले होते आणि त्यावर अर्धा तास चर्चा झाली होती. एवढे तरी त्या ॲपचे ऋण मानायला हवे.

अडचणी पहिल्या महिन्यातच दिसू लागल्या. पहिली अडचण म्हणजे फोन कोणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाईल असणाऱ्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के आहेत. उरलेल्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांपर्यंत बटण पोचतच नाही. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांच्यातही बऱ्याच जणींकडे साधा बटणांचा फोन असतो. घरातला मोठा फोन दिवसा नवऱ्याच्या खिशात आणि संध्याकाळी मुलाच्या हातात असतो. सुनेच्या हाती तो येतो तेव्हा चार्जिंग संपलेले असते. दाट उसात रेंज जाते, हेही शेतात गेल्यावरच कळले.

दुसरी अडचण आम्ही स्वतः ओळखायला हवी होती. ॲपला फोनचे ठिकाण सतत कळत असे. एका घरातून निरोप आला, "ताई, ते आमच्या सुनेच्या फोनमध्ये टाकून द्या बरं, कुठं जाते ते तरी कळंल." तो निरोप ऐकून आमच्या कार्यकर्तीला घाम फुटला. मदतीसाठी केलेली सोय पाळतीची सोय व्हायला वेळ लागत नाही. मुलांनी दुसऱ्याच आठवड्यात त्यात बदल केला आणि बटण दाबल्याशिवाय ठिकाण दिसणार नाही असे केले. पण घरोघर गेलेली समजूत कशी परत घेणार?

तिसरी अडचण सर्वांत मोठी होती. बटण दाबल्यावर येणार कोण? स्वयंसेवकांची यादी झाली तेव्हा त्यात बहुतेक सगळे तरुण मुलगे होते. मोटारसायकल त्यांच्याकडे, मोठा फोन त्यांच्याकडे आणि रात्री घराबाहेर पडायची मुभाही त्यांनाच. बिबट्या आला तर हे ठीक आहे. बॅटऱ्या घेऊन, आवाज करत दहा जण आले तर हवेच असतात. सर्पदंश झाला तर दहांची गरज नसते, गाडी चालवणारा एक आणि सोबत एक पुरे. तिथे गर्दी झाली की कोणी मंदिरात न्या म्हणतो, कोणी मांत्रिकाकडे. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षे सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करीत आले आहेत आणि वेळ न दवडता थेट दवाखाना गाठा, हेच ते लोकांना सांगत आले आहेत. तिथे प्रश्न फक्त वेळेचा असतो. बाळंतपणाची कळ सुरू झालेल्या बाईला एक अनुभवी बाई आणि १०८ ची गाडी हवी असते. आणि घरात मार खाणाऱ्या बाईच्या दारात गावातली दहा पोरे बॅटऱ्या घेऊन उभी राहिली तर? त्यातला एक तिचा चुलत दीर असतो, एक नवऱ्याचा मित्र. सकाळपर्यंत गोष्ट सगळ्या गावात होते आणि दुसऱ्या रात्री तिला दुप्पट मार बसतो. पाच चित्रे एका रांगेत ठेवली तेव्हा सगळे जीवावरचे प्रसंग सारखेच, असे आम्हाला म्हणायचे होते. त्यांचे गांभीर्य सारखे असते हे खरे आहे. पण त्यात धावून कोणी यायचे, हे प्रत्येक वेळी वेगळे असते. ॲपमध्ये मात्र घंटा एकच होती आणि ती सगळ्यांकडे वाजत होती.

हे सगळे आम्ही वहीत लिहून ठेवत होतो, मुलांना सांगत होतो आणि मुले जमेल तशी दुरुस्ती करत होती. हिवाळ्यात तीन वेळा बिबट्या दिसल्याचा निरोप ॲपवरून वेळेवर गेला आणि लोक सावध झाले. त्यामुळे आमचाही धीर वाढला. मग परीक्षा आली.

यापुढचा प्रसंग ज्या मैत्रिणीचा आहे, तिला विचारून आणि तिची ओळख पटेल असे सारे गाळून मी लिहिते आहे. ती आमच्या बैठकांना नियमित येणारी. नवऱ्याचे पिणे वाढले की काय होते हे तिला ठाऊक होते, आणि अशा वेळी काय करायचे हे तिने आमच्याशी बोलून ठरवलेले होते. आवाज चढला की मुलीला घेऊन मागच्या दाराने निघायचे आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एका मावशींकडे जायचे. हे तिने पूर्वी दोनदा केलेही होते. मे महिन्यातल्या त्या रात्री तिने आधी बटण दाबले. पडद्यावर ओळ आली, 'मदत पाठवली जात आहे.' ती थांबली. तिला वाटले, आता कोणीतरी येईल. कोणी आले नाही. अर्ध्या तासाने तिच्या मनगटाचे हाड मोडलेले होते.

चौकशी केली तेव्हा कळले की प्रकल्पाची तोंडी परीक्षा होऊन तीन आठवडे झाले होते. निरोप ज्या सर्व्हरवरून जात त्याची मोफत मुदत संपली होती. तो बंद पडला होता. मुले आपापल्या घरी किंवा नोकरीच्या मुलाखतींना गेली होती. त्यांनी शिक्षकांना सांगितले होते, शिक्षकांना वाटले की मुलांनी आम्हाला सांगितले असेल. 'मदत पाठवली जात आहे' ही ओळ फोनमध्येच साठवलेली होती. पलीकडे कोणी ऐकत आहे की नाही याच्याशी तिचा काहीच संबंध नव्हता. आणि आम्ही? परीक्षा झाल्यावर हे कोण चालवणार, हा प्रश्न आम्ही सबंध वर्षात एकदाही विचारला नव्हता.

दवाखान्यात ती मला म्हणाली, "ताई, बटण दाबलं म्हणून मी थांबले. नसतं तर आधीच निघून गेले असते."

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आहे. गरजांचा अभ्यास कसा करावा, प्रकल्पाचा आराखडा कसा लिहावा, मूल्यमापन कसे करावे हे सगळे शिकले. तिच्या त्या वाक्यापुढे मला एकही शब्द सुचला नाही. तिच्याकडे स्वतःची एक वाट होती, दोनदा चालून पाहिलेली. ती वाट सोडून तिने आमच्यावर भरवसा ठेवला, आणि तो ठेवायला तिला आम्हीच सांगितले होते. मदत मुळीच नसणे वाईट आहे. मदत आहे असे खोटेच वाटत राहणे त्याहून वाईट आहे, कारण त्यामुळे माणूस स्वतःची हालचाल थांबवतो.

पुढच्या बैठकीत हा विषय घेतला. मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात नेहमीपेक्षा जास्त बायका जमल्या होत्या. ॲप सगळ्यांच्या फोनमधून काढून टाकावे असे आम्ही सुचवले. सगळ्या लगेच हो म्हणाल्या नाहीत, आणि त्यांचे म्हणणे इथे नोंदवायला हवे. एक जण म्हणाली, "माझ्या मालकाला वाटायचं की बटण दाबलं की पोलीस येतात. तेवढा तरी धाक होता, तो कशाला घालवता?" दुसरीने बिबट्याच्या तीन निरोपांची आठवण दिली. तिसरीने विचारले, "मुलं गेली तर गेली, आपणच चालवू या की."

या तिसऱ्या प्रश्नावर आम्ही गंभीरपणे विचार केला. चालवायचे म्हणजे सर्व्हरचे भाडे दर महिन्याला भरायचे. फोन बदलले की ॲप दुरुस्त करणारे माणूस हाताशी ठेवायचे. स्वयंसेवकांची यादी सतत ताजी ठेवायची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दिवसरात्र कोणीतरी जागे राहायचे, निरोप गेला का, कोणी निघाले का हे पाहायचे. परिसरात आपल्या पूर्णवेळ कार्यकर्त्या दोन आहेत. हे आपल्याला झेपणार नाही हे आम्ही सरळ सांगितले. धाकाबद्दल म्हणाल, तर खोटा धाक एकदा उघडा पडला की दुसऱ्यांदा खरा धाकही चालत नाही.

त्या बैठकीला चार विद्यार्थ्यांपैकी एक मुलगी एसटीने येऊन बसली होती. तिला कोणी बोलावले नव्हते. ती रडली, म्हणाली, "मॅडमनी मार्क दिले, आम्हाला वाटलं झालं." जिचे मनगट मोडले होते त्या मैत्रिणीने तिला पाणी दिले. मग त्या मुलीनेच एकेकीचा फोन हातात घेऊन ॲप काढून टाकले आणि प्रत्येकीला सांगितले, "आता हे बटण नाही. दाबून थांबू नका."

या मुलांना दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण दोष त्यांच्यापुरता नाही. नवीन काही बनवले की गुण मिळतात, बक्षिसे मिळतात, स्पर्धा होतात. बनवलेले नीट चालू ठेवण्याला गुण नाहीत आणि जबाबदारीने बंद करण्याला तर नावही नाही. स्त्रियांच्या सुरक्षेचे ॲप हा अनेक महाविद्यालयांत दरवर्षी नव्याने होणारा प्रकल्प आहे. दरवर्षी तो परीक्षेनंतर संपतो. सरकारचाही ओढा बटणाकडेच आहे. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१३ च्या अर्थसंकल्पात १००० कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला. २०१६ मध्ये राज्य पोलिसांनी 'प्रतिसाद' नावाचे ॲप आणले. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलमध्ये १ जानेवारी २०१७ पासून धोक्याचे बटण असावे, असा नियम झाला. २०२१ मध्ये महाराष्ट्रात ११२ हा एकच क्रमांक सुरू झाला. यातले ११२ खरोखर उपयोगी आहे, कारण त्याच्यामागे पगार घेऊन जागी असणारी माणसे आहेत आणि निघणारी गाडी आहे.

आणि आपण संस्था तरी काय वेगळे करतो? तीन वर्षांचा निधी मिळाला की समुपदेशन केंद्र सुरू होते, निधी संपला की दाराला कुलूप लागते. त्या दारापर्यंत चालत आलेली बाई कुलूप पाहून परत जाते. तिची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये नसते. मुलांकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे आहेत हे विसरून चालणार नाही.

या निमित्ताने मी पुन्हा एकदा माळीणचा विचार केला. आमच्या भागातून आंबेगाव तालुक्यातले माळीण फार दूर नाही, आणि तिथले दुःख अजून सगळ्यांच्या आठवणीत आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचला आणि चाळीसहून अधिक घरे चिखलाखाली गेली. १५१ माणसे गेली. हे बाहेरच्या जगाला कळले ते रोजच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. जिथे गाव दिसायचे तिथे गाव नाही हे त्याने पाहिले आणि परत फिरून कळवले. गावातून फोन करायला कोणी उरलेच नव्हते. तिथे कोणतेही बटण कामी आले नसते. कामी आला तो रोज त्या रस्त्याने येणारा, ते गाव ओळखणारा माणूस.

रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली तेव्हा निरोप रात्रीच पोचला होता. पण वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता. मदत पथकांना पावसात, अंधारात डोंगर पायी चढावा लागला. म्हणजे माळीणला निरोप उशिरा गेला आणि इर्शाळवाडीला निरोप गेला तरी वाट नव्हती. निरोप, वाट आणि येणारा माणूस या तिन्ही गोष्टी असतील तरच मदत होते. ॲप त्यातल्या पहिलीलाच हात घालते.

याचा अर्थ तंत्रज्ञान निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. केरळात २०१८ च्या महापुरात विद्यार्थ्यांनी आणि तरुण अभियंत्यांनी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान मिशनबरोबर मदतीच्या मागण्या नोंदवणारे संकेतस्थळ घाईघाईने उभे केले आणि त्याचा उपयोग झाला. पण त्याच वेळी किनाऱ्यावरचे मच्छीमार आपापल्या होड्या ट्रकवर घालून पुराच्या पाण्यात उतरले होते. नोंद झालेल्या हाकेला ओ देणारे हजारो हात तयार होते, आणि पाठीशी सरकारी यंत्रणा होती. आमच्याकडे घंटा होती आणि ओ देणारे कोण हे ठरायचे होते.

मग आता आम्ही काय करतो आहोत? फार मोठे काही नाही. प्रत्येक वस्तीसाठी एक कागद केला आहे. त्यावर चार गोष्टी आहेत. रात्री कोणत्या घराचे दार उघडेल, कोणाची गाडी मिळेल, सोबत कोण येईल, आणि कोणाला मुळीच कळू द्यायचे नाही. ही चौथी गोष्ट कागदावर लिहीत नाही, ती दोघी-तिघींच्या मनात असते. मारहाणीच्या वेळी दार उघडणारे घर बाईनेच निवडायचे असते. आतापर्यंत ज्या घरांची नावे आली ती बहुतेक एकट्या राहणाऱ्या मावशींची आणि आज्यांची आहेत. त्यांच्याकडे मोठा फोन नाही. कडी आतून घट्ट लागते आणि गावात त्यांच्या शब्दाला मान आहे.

११२, १०८ आणि १८१ या क्रमांकांवर कसे बोलायचे याचा सराव बचत गटाच्या बैठकीत घेतो. हे हास्यास्पद वाटेल, पण फार गरजेचे आहे. ११२ चा फोन नवी मुंबईत किंवा नागपुरात उचलला जातो, तिथून तो जिल्ह्याकडे येतो. उचलणाऱ्या मुलीला 'निमगाव' एवढेच सांगून काय कळणार? इंदापुरात निमगाव केतकी आहे, खेडमध्ये खंडोबाचे निमगाव आहे, शिरूरला निमगाव म्हाळुंगी आहे. म्हणून 'निमगाव सावा, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे' असे म्हणायचे, मग वस्तीचे नाव आणि जवळची खूण. सरावात पहिल्यांदा बहुतेक जणी म्हणाल्या, "आमच्या घरी या." दुसऱ्या खेपेला पत्ता आला, तिसऱ्या खेपेला आवाजातला थरकाप कमी झाला.

बिबट्यासाठी आणि चोरांसाठी पुणे, नाशिक, अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा वापरली जाते. एका क्रमांकावर फोन करून आपल्याच आवाजात निरोप सांगायचा, तोच निरोप परिसरातल्या नोंदलेल्या फोनवर फोन म्हणून वाजतो. साधा फोनही चालतो. सगळ्यांना कळावे अशा प्रसंगांसाठी ती चांगली आहे. तिच्यात बायकांचे क्रमांक नोंदवून घेण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे, कारण कुटुंबामागे एक क्रमांक म्हटले की तो पुरुषाचाच दिला जातो.

त्या कागदावर खाली तारीख असते. दर महिन्याच्या बैठकीत तो वाचला जातो. कोणाचे बाळंतपण असेल, कोण माहेरी गेली असेल, कोणाची गाडी विकली असेल, तर ते नाव खोडले जाते. 'मला आता जमणार नाही' असे सांगणारीचे आम्ही आभार मानतो. हे आम्ही मुद्दाम करतो. नाव खोडायला लाज वाटू लागली की यादी खोटी होते. हा कागदही एक दिवस थकेल. महिनाभर तो कोणी वाचला नाही, तर वस्तीवर जाऊन 'आता हा कागद धरू नका' असे सांगायचे, असा ठराव आम्ही केला आहे.

महाविद्यालयांना आमचे सांगणे आहे की मुलांना गावात जरूर पाठवा. पण माणसांच्या जीवाशी संबंध असलेले काही त्यांच्या हाती देणार असाल, तर परीक्षेनंतर ते कोण चालवणार आणि बंद करायचे झाल्यास कोणाला, कसे सांगणार, हे पहिल्याच पानावर लिहून घ्या आणि त्यालाही गुण द्या. आपल्यासारख्या संस्थांनी हा प्रश्न दारात आलेल्या प्रत्येकाला विचारायला हवा. आम्ही तो विचारला नाही, त्याची किंमत दुसरीने मोजली.

शासनाकडे आमच्या मागण्या जुन्याच आहेत. शेतीला दिवसा लाईट द्या, म्हणजे अंधारात उसात जावे लागणार नाही. वस्त्यांवरचे रस्ते आणि दिवे दुरुस्त करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरची लस आणि ती देणारे डॉक्टर रात्रीही असू द्या. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ मध्ये झाला, २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. त्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि फोन प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. यातल्या एकाही गोष्टीसाठी ॲप लागत नाही.

आमची ती मैत्रीण सध्या माहेरी आहे. हाड जुळले आहे, पण भांडे उचलताना मनगट दुखते. कायद्याप्रमाणे अर्ज करायचा की नाही यावर तिचा विचार चालू आहे आणि निर्णय तीच घेणार आहे. हा मजकूर तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "छापा. पण ती वाट माझी होती, हे नीट लिहा." लिहिले आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात, गटात, संस्थेतही अशी कामे बंद पडली असतील. ती कशी बंद पडली, कोणाला सांगितले आणि कोणाला सांगायचे राहून गेले, ते आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी चार पाने राखून ठेवली आहेत.